डब्यावर काय लिहावे: घरातील वस्तूंना लेबल लावण्याची रीत

बहुतेक घरांत डब्यांना लेबले नसतात, कारण कोणत्या डब्यात काय आहे हे घरातल्या एका माणसाला पाठ असते. दाण्याचे कूट कोणत्या फळीवर, उपवासाची भाजणी कोणत्या डब्यात, जादा फ्यूजची तार कोणत्या खणात, हे सारे त्या माणसाच्या डोक्यात असते आणि तो घरात असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गावाला गेला, आजारी पडला किंवा रात्री दोन वाजता तापाचे औषध शोधण्याची वेळ दुसऱ्यावर आली की मात्र अख्खे घर उलटेपालटे होते. लेबल लिहायचे ते या दुसऱ्या माणसासाठी. म्हणून पेन हातात घेण्यापूर्वी, आपण नसताना ही वस्तू कोण उचलेल आणि त्या क्षणी त्याला काय कळणे आवश्यक आहे, एवढे ठरवून घ्यावे. काय लिहायचे, कोणत्या भाषेत, केवढ्या अक्षरात आणि कुठे, हे सगळे त्यावरून ठरत जाते.

याचा उत्तम नमुना मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवर पाहायला मिळतो. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत एक डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला त्यावरची खूण क्षणात वाचता यावी लागते. झाकणाच्या मधोमध ठळक ३ असा आकडा असला, तर डबा नरिमन पॉइंटच्या बाजूला जायचा आहे. कडेला ‘९ ईएक्स १२’ असे लिहिलेले असेल, तर ९ हा तिकडे डबा पोहोचवणाऱ्या डबेवाल्याचा क्रमांक, ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स आणि १२ हा मजला. ‘व्हीएलपी’ ही विलेपार्ले स्थानकाची खूण रिकामा डबा परतताना कामाला येते. गिऱ्हाइकाचे नाव झाकणावर नसते आणि पूर्ण पत्ताही नसतो, कारण फलाटावर डब्यांची निवड करणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. सर्वांत घाईच्या वेळी जे वाचावे लागते ते सर्वांत मोठे, आणि ज्याची कोणालाच गरज नाही ते लिहायचेच नाही, एवढे तारतम्य घरातल्या लेबलांतही पुरेसे आहे.

लेबल कशाचे आणि कुठे

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत जुनी आहे. भांड्यांच्या दुकानात यंत्राने नाव, गाव, लग्नाची किंवा वास्तुशांतीची तारीख कोरून मिळते, आणि पंगतीत शेजाऱ्यांकडे गेलेले पातेले त्या नावामुळेच परत येते. मालकी सहसा बदलत नाही, तेव्हा ती कोरणे योग्यच आहे. डब्यातला जिन्नस मात्र बदलत राहतो. आज ज्या डब्यात रवा आहे त्यात दिवाळीला चिवडा असेल, त्यामुळे जिन्नसाचे लेबल सहज निघणारे हवे. मजकूर जितके दिवस खरा राहणार, तितकेच दिवस लेबल टिकावे, हा हिशेब प्रत्येक ठिकाणी लावावा. वर्षानुवर्षे त्याच बरणीत राहणाऱ्या मिठासाठी पक्के लेबल चालते. चार दिवसांत संपणाऱ्या चटणीला मास्किंग टेपचा तुकडा पुरे होतो.

रोजच्या वापरासाठी मास्किंग टेप आणि पाण्याने न पुसला जाणारा मार्कर यांच्याइतकी सोयीची जोडी नाही. टेप हाताने फाटतो, त्यावर कोणतेही अक्षर नीट उमटते आणि काढताना तो सहसा डाग ठेवत नाही. जेल पेनने लिहिलेले लेबल ओल्या हाताने धरले की पसरते, म्हणून स्वयंपाकघरात ते टाळावे. कागदी लेबल वापरायचे असेल तर त्याच्या चारही कडा झाकल्या जातील एवढी रुंद पारदर्शक चिकटपट्टी वरून लावावी, नाहीतर हळदीचे आणि तेलाचे बोट लागून महिन्याभरात अक्षरे दिसेनाशी होतात. स्टीलच्या डब्यावर तेलाचा अदृश्य थर असतोच. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने तो धुऊन, डबा पूर्ण कोरडा करूनच लेबल लावावे. फ्रीजरमध्ये ठेवायच्या डब्याला किंवा पिशवीला लेबल आधी लावावे आणि मटार किंवा ओले खोबरे नंतर भरावे, कारण थंडगार, दमट पृष्ठभागावर कोणताच टेप धरत नाही.

लेबल झाकणावर लावू नये, डब्याच्या अंगावर लावावे. एकाच मापाच्या सहा डब्यांची झाकणे घासून पालथी पडली की कोणते कोणाचे हे कोणी पाहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी साबुदाण्यावर ‘मोहरी’ बसलेली असते. डबेवाल्यांना झाकणावरची खूण चालते, कारण तो डबा कडीने बंद असतो आणि पेटीत वरूनच पाहिला जातो. आपल्या घरीही डबे खोल खणात ठेवलेले असतील आणि वरूनच दिसत असतील, तर झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे लिहिण्याचा त्रास घ्यावा.

भाषेचा विचारही वाचणाऱ्याच्या बाजूने व्हावा. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मराठी वाचत असतील तर इंग्रजीतील सुबक छापील लेबले शोभेपुरतीच राहतात. परदेशातील घरात सूनबाई किंवा जावई मराठी वाचणारे नसतील, तर मराठीखाली त्यांच्या भाषेतही एक ओळ लिहावी. केवळ रंगांच्या भरवशावर मात्र राहू नये. लाल पट्टी तिखटाची, हिरवी धन्याची, हा संकेत ज्याने ठरवला त्यालाच आठवतो, शिवाय लाल आणि हिरव्यातला फरक सर्वांनाच दिसतो असे नाही. रंग अक्षरांच्या जोडीला असावा.

सारख्या दिसणाऱ्या वस्तू

घरातल्या प्रत्येक वस्तूला लेबल लावण्याचा उत्साह पहिल्या रविवारीच ओसरतो, आणि ते योग्यही आहे. पारदर्शक बरणीतल्या राजम्याला लेबलाची गरज नसते. ज्या वस्तू एकमेकींसारख्या दिसतात आणि ज्यांची अदलाबदल महागात पडते, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

पांढऱ्या पुडी हा यातला सर्वांत धोक्याचा गट आहे. मैदा, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, लिंबूफूल आणि तुरटीची पूड शेजारी शेजारी ठेवली तर जाणत्या माणसाचीही गफलत होते. सोड्याच्या जागी बेकिंग पावडर पडली तर फार तर ढोकळा बसेल. परंतु अनेक घरांत झुरळांसाठी किंवा कॅरम बोर्डासाठी आणलेली बोरिक पावडर याच रंगाची असते आणि ती पोटात जाणे घातक असते. ती खाण्याच्या जिन्नसांजवळ ठेवूच नये. जिथे ठेवली असेल तिथे ‘बोरिक पावडर, विषारी, खाऊ नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. नुसते ‘बोरिक’ लिहिल्याने नवख्या माणसाला काहीच कळत नाही.

पिठांचे असेच आहे. थालीपिठाची भाजणी आणि उपवासाची भाजणी दिसायला जवळजवळ सारख्या असतात, पण एकीत ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ असते आणि दुसरीत साबुदाणा, वरी, राजगिरा. एकादशीच्या सकाळी झालेली चूक थाळीत वाढून झाल्यावरच लक्षात येते. येथे ‘भाजणी’ हा एक शब्द पुरत नाही, फरक सांगणारा शब्द आधी यायला हवा: ‘उपवास - भाजणी’. मसाल्यांचे लेबलही याच धर्तीवर असावे. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला रंगावरून ओळखता येतात असे वाटते, परंतु चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्यासाठी दुसरेच कोणी स्वयंपाक करत असेल, तर ‘कांदा-लसूण आहे’ हे तीन शब्द मसाल्याच्या नावापेक्षा मोलाचे ठरतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल घरी येत-जात असेल, तर कूट घातलेल्या कोरड्या चटण्यांवर ‘दाणे आहेत’ असे स्पष्ट लिहावे.

बाजारातून आणलेल्या पाकिटातला माल डब्यात ओतला की पाकीट कचऱ्यात जाते आणि त्याबरोबर एक तयार लेबलही जाते. घटकपदार्थ, मुदत, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक ज्या भागावर छापलेला आहे, तेवढा भाग कात्रीने कापून डब्याला रबराने किंवा चिकटपट्टीने लावून ठेवावा. हे तुकडे वाचायची सवय लागली की बरेच काही कळते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे, तेव्हा ‘बदाम’ नावाच्या पेयात साखर पहिली आणि बदाम पाचवा असेल, तर आपण काय विकत घेतले याचा उलगडा होतो. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता, आता चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, आणि या बदलामुळे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही आकारावरून फरक कळू लागला. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत वेगळा करावा लागतो. घरी डब्यावर लिहिताना तोच क्रम डोळ्यांसमोर ठेवला तरी चालेल.

तारीख

नावाइतकीच तारीख महत्त्वाची असते आणि नेमकी तीच लिहायची राहते. ‘कैरीचे लोणचे’ एवढ्याने काम भागत नाही. ‘कैरीचे लोणचे, मे २०२५’ असे लिहिले तर दोन बरण्यांपैकी कोणती आधी संपवायची हे विचारावे लागत नाही. घरी केलेल्या पदार्थावर तो केल्याची तारीख लिहावी, पाकिटातून ओतलेल्यावर मुदत संपण्याची. दोन्ही ठिकाणी तारखेआधी ‘केले’ किंवा ‘मुदत’ हा शब्द घालावा, कारण नुसता आकडा दोन्हीपैकी कशाचाही असू शकतो. महिना अक्षरांत लिहिला तर ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळही राहत नाही. जुन्या डाळीवर नवी डाळ ओतणे हे तर तारखेच्या लेबलाला निरर्थक करून टाकणे आहे. डबा रिकामा करावा, पुसावा, नवी डाळ खाली आणि उरलेली जुनी वर घालावी, आणि तारीख मात्र जुनीच ठेवावी.

तारीख नसेल तर अधिकृत लेबलही दिशाभूल करते. फ्रिज किंवा एसीवरच्या ताऱ्यांचे उदाहरण घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे ते लेबल ठरावीक कालावधीसाठी असते आणि तो कालावधी त्यावर छापलेला असतो. निकष मधूनमधून कडक केले जातात, म्हणून काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांबरोबर नसतात. जुना फ्रिज विकत घेताना तारे मोजण्याआधी वर्ष पाहावे. गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्ट्यांवर ‘सी-२६’ अशी खूण रंगवलेली असते, तीही तारीखच आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. सिलिंडरची पुढील चाचणी केव्हापर्यंत व्हायला हवी हे त्यावरून कळते आणि ती वेळ उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवावा.

औषधे आणि विषारी द्रव्ये

औषधावर आधीच लेबल असते, आपले काम ते जपण्याचे आहे. गोळ्यांच्या पट्टीच्या ज्या टोकाला मुदत आणि बॅच क्रमांक उमटवलेला असतो, ते टोक शेवटपर्यंत राखावे आणि गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढाव्यात. गोळ्या सुट्या करून जुन्या डबीत भरणे टाळावे. आठवड्याच्या सात कप्प्यांची पेटी वापरत असाल तर मूळ पट्ट्या पेटीशेजारी राहू द्याव्यात. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

घरातील वयस्कर माणसांसाठी खोक्यावर जाड, काळ्या अक्षरांत ‘सकाळी नाश्त्यानंतर १’ असे लिहावे. इथे अनेकजण कारणही लिहितात, ‘बीपीची’ किंवा ‘साखरेची’, आणि ते चांगले आहे, कारण आजोबांना रुग्णालयात नेणाऱ्या शेजाऱ्याला त्याचा लगेच उपयोग होतो. फक्त हे लिहिताना औषधाचे छापील नाव, मात्रा आणि मुदत झाकली जाणार नाही याची काळजी घ्यावी. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढले तरी चालतात. डॉक्टरांनी मात्रा बदलली, तर जुन्यावर खाडाखोड न करता ते लेबल काढून नवे लावावे. अर्धवट खोडलेला १ आणि त्यावर लिहिलेला अर्धा यांतून काहीही वाचले जाऊ शकते.

काही औषधांची छापील मुदत बाटली उघडली की लागू राहत नाही. डोळ्यांत घालायचे थेंब उघडल्यापासून साधारण एका महिन्यात संपवायचे असतात, आणि वापरात असलेली इन्सुलिनची कुपी बहुधा २८ दिवसांनी टाकून द्यावी लागते. नेमकी मुदत सोबतच्या कागदावर पाहावी. मुलांच्या ज्या औषधाची पूड पाण्यात मिसळून द्रव तयार करतात, त्याची मुदत मिसळल्यापासून मोजायची. अशा प्रत्येक बाटलीवर ‘उघडले’ किंवा ‘मिसळले’ असे लिहून तारीख टाकण्यास अर्धे मिनिट लागते.

फिनाइल, ॲसिड, रॉकेल, थिनर यांबाबत माझे मत कठोर आहे. ही द्रव्ये शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरूच नयेत, मग त्यावर कितीही मोठे लेबल लावलेले असो. तहानलेले मूल लेबल वाचत नाही, ते बाटलीचा आकार पाहते. मूळ बाटली फुटली असेल आणि पर्यायच नसेल, तर पेयासाठी कधीच न वापरला जाणारा डबा घ्यावा, त्यावर नाव आणि ‘विष’ हा शब्द लिहावा आणि तो कुलपात ठेवावा.

शेतकरी घरांत कीटकनाशकांच्या बाटल्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. बाटलीवरच्या तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर ते सर्वांत तीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज गावोगावी आढळतो, तो चुकीचा आहे. हिरव्या खुणेच्या औषधालाही हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. त्या लेबलावर आणि सोबतच्या घडीपत्रकावर विषबाधेवरील उपचाराची माहिती असते, म्हणून शेजाऱ्याला ‘थोडेसे’ औषध दुसऱ्या बाटलीत ओतून देऊ नये. फवारणीनंतर कोणाला मळमळ किंवा चक्कर आली, तर रुग्णाबरोबर ती बाटली किंवा निदान तिच्या लेबलाचा मोबाइलवर काढलेला फोटो दवाखान्यात न्यावा. ‘हिरव्या झाकणाचे औषध मारले होते’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

विजेचा बोर्ड, पाण्याचे कॉक

घरातले सर्वांत दुर्लक्षित लेबल एमसीबीच्या, म्हणजे घरातल्या एकेका भागाची वीज तोडणाऱ्या खटक्यांच्या, बोर्डावरचे असते. इलेक्ट्रिशियन जाताना पेन्सिलीने काहीतरी खरडून जातो किंवा तेही नाही, आणि स्नानघरात ठिणगी उडाली की घाबरून सगळे घर अंधारात टाकावे लागते. हे काम दिवसाउजेडी, दोघांनी करावे. आधी संगणक आणि टीव्ही नेहमीच्या पद्धतीने बंद करावेत. प्रत्येक खोलीतला एक दिवा, पंखा आणि गीझर, एसी यांची बटणे चालू ठेवावीत. एकाने बोर्डापाशी उभे राहून डावीकडून पहिला एमसीबी खाली पाडावा, दुसऱ्याने घरभर फिरून काय बंद पडले ते ओरडून सांगावे, आणि ते कागदावर टिपावे. सॉकेट तपासायला मोबाइलचा चार्जर पुरतो. एमसीबी पुन्हा वर करून मग पुढचा घ्यावा. इन्व्हर्टर असेल तर या वेळेपुरता तो बंद ठेवावा, नाहीतर त्याच्यावरचे दिवे चालूच राहतील आणि नोंद चुकेल. यादी पूर्ण झाल्यावर ‘स्वयंपाकघर सॉकेट’, ‘मागची खोली दिवे-पंखे’, ‘गीझर’ अशी लहान लेबले बोर्डाच्या बाहेरील बाजूला, त्या त्या एमसीबीखाली लावावीत. बोर्डाचे झाकण उघडून आत हात घालू नये. कागदावरची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली की भाडेकरू बदलला तरी ती घरात राहते.

पाण्याच्या कॉकलाही हेच लागू. गच्चीवरच्या टाकीखाली एकसारखे चार कॉक असतात आणि नळ फुटल्यावर कोणता बंद करायचा हे एकट्या प्लंबरला माहीत असते. कॉकला तारेने प्लास्टिकची चकती बांधावी, तिच्यावर कोणत्या बाजूचे, कोणत्या मजल्याचे, महापालिकेचे की बोअरचे पाणी हे लिहावे. उन्हापावसात मार्करची शाई फिकी होते, म्हणून दर पावसाळ्यानंतर अक्षरे पुन्हा गिरवावीत.

कागदपत्रे आणि किल्ल्या

फाइलीवर नाव लिहिताना ती कोणत्या कामासाठी शोधली जाईल याचा विचार करावा. ‘महत्त्वाची कागदपत्रे’ हे लेबल निरुपयोगी आहे, कारण घरात तशा पाच फाइली असतात. ‘गावची जमीन: सातबारा, आठ-अ, फेरफार’, ‘फ्लॅट: करारनामा, इंडेक्स टू, मालमत्ता कर’ अशी नावे द्यावीत. आर्थिक वर्षाची कागदपत्रे ‘२०२४-२५’ अशा जोडवर्षाने ओळखावीत आणि लेबल फाइलीच्या कण्यावर लावावे, कारण कपाटात तेवढाच भाग दिसतो. फाइलीच्या आतल्या पहिल्या पानावर आतील कागदांची यादी आणि एखादा कागद बाहेर दिला असल्यास कोणाला, केव्हा दिला, हे लिहिण्याची जागा ठेवावी.

काही ठिकाणी अनोळखी माणसाला काहीच न कळणे श्रेयस्कर असते. किल्लीच्या चकतीवर घराचा पत्ता किंवा ‘तिजोरी’ असे कधीही लिहू नये. क्रमांक लिहावा आणि क्रमांकांची यादी वेगळीकडे ठेवावी. एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिण्याबद्दल तर बोलायलाच नको.

जुनी लेबले काढणे

चुकीचे लेबल असण्यापेक्षा ते नसलेले बरे, कारण लेबल नसेल तर माणूस वास घेतो, विचारतो, थांबतो. लेबल असले की विश्वास ठेवतो. म्हणून डबा रिकामा झाला की घासायला टाकण्याआधी त्याचे लेबल काढण्याची सवय लावावी. कागदी लेबल कोमट साबणपाण्यात भिजवल्यावर निघते. मागे राहिलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवावे आणि कापडाने पुसावे. नव्या स्टीलच्या भांड्यावरचे दुकानाचे हट्टी लेबल केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा दिली की सलग सुटते, ते नखाने किंवा सुरीने खरवडू नये. घरपोच आलेल्या खोक्यांवर आपले नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक छापलेला असतो, तेवढा भाग फाडून किंवा काळ्या मार्करने पूर्ण झाकून मगच खोके रद्दीत द्यावे, आणि औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर रुग्णाचे नाव लिहिलेले असल्यास त्यांचेही तसेच करावे.